दिव्याखाली उभा राहणारा शेजारी

शेलारभाऊ गेल्याची बातमी फोनवर आली आणि मी ती खोटी ठरवली. दुपारी तांदूळ निवडत बसले होते. पलीकडून मुलीचा रडका आवाज आला, "काकू, पप्पा गेले..." मी विचारलं, "कोण बोलतंय?" म्हणाली, "वर्षा." मी म्हटलं, "कुठली वर्षा? कुठून बोलतेस?" आवाज ओळखला नव्हता असं नाही. समोरच्या दारातली पोर, माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली. पण विमा कंपनीच्या दावे विभागात आयुष्य काढलं, की फोनवर कळलेला मृत्यू मानायचा नाही ही खोड अंगात मुरते. कुठे झालं, कोणी बघितलं, सांगणारा मयताचा कोण, हे विचारल्याशिवाय आमच्या टेबलावरून कागद पुढे जात नसे. शेवटी तिच्या हातातून फोन घेऊन मंदा म्हणाली, "ताई, खरं आहे. काशीमीऱ्याच्या दवाखान्यात आहोत. या तुम्ही." मंदा म्हणजे शेलारभाऊंची बायको, खोटं बोलायचं तर आधी कानापर्यंत लाल होणारी. मग पुढे विचारायला काही उरलं नाही. सकाळची फेरी आटोपून ते गोडाऊनच्या फाटकाशी खुर्चीत बसले, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता काही आठवडे झाले. अजूनही मला वाटतं, कुणीतरी नीट चौकशी करायला हवी होती.

आम्ही काशीमीऱ्याजवळ सिल्व्हर पार्कात राहायला आलो ते ऐंशीचं दशक संपता संपता. परळच्या चाळीत माझ्याविषयी कुणाला काही विचारायचं असतं तर जिन्यावरच्या कुणालाही धरून चाललं असतं. माझ्या आईचं माहेर, माझे मॅट्रिकचे मार्क, मी कुणाशी का भांडले, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. इथे इमारत नवी, प्लास्टर ओलं आणि माणसं चारी दिशांनी आलेली. कोण काल कुठे होतं याचा कुणालाच पत्ता नाही. संध्याकाळी खाडीकडून डास यायचे, सकाळी पाण्याचा टँकर यायचा आणि टँकरच्या रांगेत एकमेकांकडे बघून हसायचं, एवढीच ओळख. आमच्या ह्यांना ही मोकळीक फार आवडली. मला नाही आवडली. आल्या आल्या मी सुताराला बोलावून दाराला ते बारीक काचेचं भिंग बसवून घेतलं, ज्याला तो 'मॅजिक आय' म्हणत होता. हे म्हणाले, "बाई गं, ऑफिस घरी आणू नकोस." पण त्या भिंगातून नेमकं समोरच्या शेलारांचं दार दिसायचं, आणि त्या दारात बघण्यासारखं बरंच होतं.

त्या घरात तेव्हा मंदा आणि छोटी वर्षा दोघीच होत्या. नवरा 'बाहेर असतो' एवढंच मंदा सांगायची. बाहेर म्हणजे आखातात की तुरुंगात, याचा अंदाज मी आपली मनाशी बांधत होते. मग एक दिवस काळी ट्रंक खांद्यावर घेऊन नवरा अवतरला. उंच, काटकुळा, केस बारीक कापलेले, चालताना पाय एका मापात पडणारे. आले ते परत गेलेच नाहीत. रोज सकाळी दारात बसून बुटांना पॉलिश करायचे, ठरल्या वेळी बाहेर पडायचे आणि उन्हं चढली की घरी परत. कामावर जाणारा माणूस जेवायच्या वेळेला घरी कसा? मंदाला आडून विचारलं तर म्हणाली, "मिलिटरीत होते." मी विचारलं, पेन्शन? नाही. कँटीनचं कार्ड? तेही नाही. माजी सैनिक म्हणून कुठे नोंद? "तसं नसतं हो ते, ताई..." असं म्हणत ती कुकर बघायला आत गेली. पाणी कुठेतरी मुरतंय याबद्दल माझी खात्री झाली. एकतर हा माणूस पळून आलाय, नाहीतर हाकलला गेलाय. हे म्हणाले, "किंवा रजेवर आलाय." इतकी लांब रजा देवालाही मिळत नाही, असं मी म्हटलं.

पहिल्यांदा त्यांनी आमची बेल वाजवली तेव्हाची गोष्ट. मी भिंगाला डोळा लावला. बेल वाजवणारा माणूस साधारणपणे दाराला नाक लावून उभा असतो. भिंगातून त्याचं नुसतं कपाळ दिसतं. हे मात्र बेल दाबून मागे सरकले होते. पार जिन्याच्या कठड्यापर्यंत, बरोबर दिव्याखाली. पायापासून डोक्यापर्यंत दिसतील असे. दोन्ही हात बाजूला मोकळे, नजर सरळ भिंगावर. माझा संशय कमी व्हायचा तो वाढला. इतकं नीट दिसायची गरज कुणाला असते? साखळी न काढता मी दार किलकिलं केलं. "वहिनी, मी शेलार. समोरचा. तुमच्या मागच्या गॅलरीतला नळ चालू राहिलाय, पाणी खाली जातंय." एवढं बोलून ते वळले आणि गेले. नळ खरोखरच चालू होता. टँकरच्या दिवसांत ही बातमी देणारा माणूस म्हणजे देवमाणूस, असं ह्यांचं मत पडलं. मी म्हटलं, आमची मागची गॅलरी यांना कुठून दिसली, ते आधी बघायला हवं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघितलं. फाटकातून दिसते.

सोसायटीच्या सत्यनारायणाला गच्चीवर मी त्यांना प्रसादाच्या द्रोणासकट गाठलं आणि सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही नक्की होता कुठे?" त्यांना राग आला नाही. उलट कुणीतरी विचारलं एकदाचं, असा चेहरा झाला. ते टेरिटोरियल आर्मीत होते. आपला कामधंदा सांभाळून वर्षातून ठरावीक दिवस वर्दी चढवायची आणि सरकारने हाक मारली की कामधंदा सोडून निघायचं, अशी ती फौज. ते मुंबईत एका औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. हाक आली, पलटण सरहद्दीकडे गेली, आणि महिन्यांची वर्षं झाली. इकडे मालकाने कारखान्याची जागा विकून टाकली. "कायद्याने आमची नोकरी राखून ठेवायची असते, वहिनी," ते म्हणाले, "पण कारखानाच राखला नाही, तर नोकरी कुठे राखणार?" पेन्शन मिळायची तर भरती पक्क्या फौजेत लागते, आणि नोकरीची तेवढी वर्षंही भरावी लागतात. यांची ना फौज पक्की, ना कारखाना शिल्लक. ना घरचा ना घाटचा, अशी गत.

गोष्ट पटण्यासारखी होती. पटण्यासारख्या गोष्टींचा आमच्या विभागात जास्त संशय घेतात. आमच्या ऑफिसच्या दारावर एक निवृत्त हवालदार होते, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "अशी पलटण असते, मॅडम. पण हा माणूस तिच्यात होता की नाही, ते मी कसं सांगू?" मग मी आमची ऑफिसची युक्ती वापरली. तोच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या तोंडाने विचारायचा. कधी टँकरपाशी, कधी जिन्यात, कधी भाजीच्या पिशव्या हातात असताना. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर खेपेला थोडी छान होत जाते. यांची होत नव्हती. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचे. फक्त एका प्रश्नाला ते बगल द्यायचे. "रोज सकाळी जाता कुठे?" "काम शोधायला." "मग दुपारपर्यंतच का?" यावर नुसतं हसायचे. तो प्रश्न मी मनात राखून ठेवला.

काम मिळत नव्हतं हे मात्र दिसत होतं. मंदाने शिवणाची कामं घ्यायला सुरुवात केली होती आणि त्यांच्याकडे आलेल्याला चहा दुधाऐवजी लिंबाचा मिळू लागला होता. काशीमीऱ्याला गोडाऊनांची रांग आहे, स्टोअर सांभाळलेल्या माणसाला तिथे काम मिळायला हरकत नव्हती. पण त्या धंद्याची एक रीत आहे. माल ज्याच्या ताब्यात द्यायचा, त्याला शेठ म्हणतो, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं द्या. आणि मग न सांगता स्वतः येऊन त्या दोघांना विचारतो. भाऊंकडे त्यांच्या साहेबांनी दिलेला दाखला होता. शेठ लोक म्हणायचे, शिक्के काय, बाजारात हवे तसे मिळतात. आणि साहेब काय, चांगलंच लिहिणार. नगरसेवकाचा दाखला कुणालाही मिळायचा, म्हणून तो कुणीच वाचत नसे. इथले दोघं हवेत. आणि इथे तर त्यांना येऊन जेमतेम काही महिने झालेले. पलटणीत त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं होती म्हणे, पण ती पंजाबपासून केरळपर्यंत पांगलेली. सिल्व्हर पार्कात त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोण?

तळमजल्यावर देसाई नावाचे गृहस्थ होते, स्वभावाने अगदी गोड. भाऊंनी त्यांचं नाव एका ठिकाणी दिलं. तिथला मॅनेजर आला तेव्हा मी जिन्यातच होते. देसाई म्हणाले, "सोनं आहे हो, सोनं!" मॅनेजरने विचारलं, "कब से जानते हो?" देसाई म्हणाले, "यही चार-छह महीने." मॅनेजरने मान डोलावली, पाणीसुद्धा न पिता निघून गेला आणि ती नोकरीही गेली. चार महिन्यांत सोनं पारखणाऱ्याच्या शब्दावर मीसुद्धा कुणाला झाडू दिला नसता.

मग एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. भिंगातून सफारीतलं पोट दिसलं. साखळी लावूनच दार उघडलं. "मैं छेडा. काशीमीरा में अपना गोडाऊन है. शेलार ने आपका नाम दिया है, बेन." मी चाटच पडले. माझं नाव? मला न विचारता? आणि मुळात माझं? छेडाशेठ म्हणाले, "वो बोला, सामनेवाली मैडम को पूछो." मी म्हटलं, "पूछो बाद में. पहले आप बताओ. गोडाऊन किधर? माल कौनसा? पहलेवाला आदमी क्यों गया?" शेठनी रुमालाने मान पुसली. "माल के साथ गया, बेन. इसीलिए तो घर-घर फिरता हूं." हे उत्तर खरं वाटलं, तेव्हा साखळी काढून मी त्यांना आत घेतलं. आतल्या खोलीतून हे मला हातवारे करत होते, चांगलं बोल, चांगलं बोल.

"आदमी कैसा है?" शेठनी विचारलं. मी म्हटलं, "मालूम नहीं. मेरे को उस पे शक है." शेठ कप खाली ठेवून सरसावून बसले. "काहे का शक?" "सब का," मी म्हटलं, आणि मग मला जे दिसलं होतं ते सांगितलं. हा माणूस रोज सकाळी कुठे जातो, मला माहीत नाही. टँकर आला की रांगेत शेवटी उभा राहतो आणि पुढची म्हातारी हळू असली तरी तिला ओलांडत नाही. फौजेची गोष्ट मी याला उलटीसुलटी किती वेळा विचारली, एकदाही फिरली नाही. आठवत नाही ते आठवत नाही म्हणतो. शेजाऱ्यांकडे आला तर दारापासून लांब उभा राहतो, उंबऱ्याच्या आत डोकावत नाही. दुसऱ्याचा नळ चालू राहिला तर सांगायला येतो. वर्षातून एकदा याला कँपला जावं लागेल, ते तो स्वतः सांगेल. नाही सांगितलं तर ठेवू नका. "भरवसा ठेवा असं मी म्हणणार नाही," मी म्हटलं. "चाबी एकदम मत दो. पहले खुद रखो, फिर देखो." शेठ उठले, नमस्कार केला आणि गेले. ह्यांनी त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी एवढंच बोलले, "माणसाच्या तोंडचा घास काढलास." मी म्हटलं, मी खरं तेच सांगितलं. पण जेवण मला गेलं नाही. समोर मंदाच्या मशीनचा आवाज येत होता आणि तो ऐकवत नव्हता.

दोन दिवसांनी बेल वाजली. भाऊ दिव्याखाली उभे, हातात पेढ्यांचा पुडा. "लागलो कामाला, वहिनी. चाव्या मात्र इतक्यात मिळणार नाहीत म्हणाले शेठ. तुमचाच सल्ला." मी खेकसलेच, "माझं नाव कशाला दिलंत? देसाईंसारखी माणसं सोडून?" ते म्हणाले, "छावणीकडे कोणी आलं की पहाऱ्यावरचा संत्री ओरडतो, 'थम, कौन आता है?' आपण म्हणायचं, 'दोस्त.' पण नुसतं दोस्त म्हटलं म्हणून आत घेत नाहीत. उजेडात उभं राहायचं, हात दिसू द्यायचे आणि त्याला बघू द्यायचं. तो जितका संशयी, तितकी आतल्यांना झोप चांगली लागते." मग हसू दाबत म्हणाले, "आणि वहिनी, आतून कोणी डोळा लावला ना, की भिंगातला उजेड विझतो. बाहेरून कळतं. मी जाताना विझायचा, येताना विझायचा. देसाई माझ्याशी रोज बोलतात, पण या इमारतीत मला बघितलंय ते तुम्हीच."

मला हसूही आलं आणि रडूही. इतके महिने मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते आणि ते मला आपली ओळख देत होते. पेढा घेतला. घेण्याआधी वास घेऊन बघितला, हे ह्यांनी पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना रंगवून सांगितलं.

चाव्या मिळाल्या, यथावकाश. पुढच्या वर्षी कँपचं बोलावणं आलं तेव्हा छेडाशेठ पुन्हा आमच्या दारात. गोडाऊनच्या जादा चाव्यांचा जुडगा त्यांनी माझ्यासमोर धरला. "बेन, आप किसी पे भरोसा नहीं करते ना? तो ये आप रखो." तेव्हापासून भाऊ वर्दीत गेले की तो जुडगा आमच्या देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला. आणि मग आणखी एक प्रकार सुरू झाला. पलटणीतून परत आलेला, इकडे ओळख नसलेला एखादा माणूस काम शोधत काशीमीऱ्याला यायचा, भाऊंकडे पोचायचा, आणि भाऊ त्याला माझ्याकडे आणायचे. "वहिनी, जरा विचारून घ्या." मी चहा देऊन उलटतपासणी घ्यायची. शेठ लोकांत माझ्या शब्दाला वजन आलं, कारण मी कुणाला चांगलं म्हणत नसे. एकाला मी साफ नापास केलं होतं. भाऊंनी तरीही त्याला ठेवून घेतलं आणि पुढे जिन्यात भेटले की बजावायचे, "वहिनी, तो अजून आहे हां." मी म्हणायचे, "थांबा, कळेल." तो माणूस त्या दिवशी भाऊंना खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता. त्याच्याबद्दल माझं मत आता बदललं आहे, जवळजवळ.

बाराव्याला घोडबंदरचा एक गॅरेजवाला आला होता, हुसेनभाई नावाचा. मी त्याला नेहमीप्रमाणे विचारलं, तुमची ओळख कशी? तो म्हणाला, "वो नौकरी नहीं थी ना, तब रोज सुबह चल के मेरे गैरेज पे आते थे. काम ढूंढ के फिर बाकड़े पे बैठे रहते. मैं बोलता, घर जाओ, शेलार. बोलते, अभी बच्ची घर पे है. स्कूल जाएगी, फिर जाऊंगा." वर्षाची शाळा दुपारची होती. ती दप्तर घेऊन उतरायची आणि थोड्या वेळाने भाऊ चढायचे, हे दोन्ही मी भिंगातून रोज बघत होते. इतर मुलांचे वडील सकाळी कामावर जातात, तसे आपलेही जातात, एवढंच त्या पोरीला दिसावं म्हणून ते पॉलिश केलेले बूट... माझ्या मनात राखून ठेवलेला एकच प्रश्न होता, त्याचं उत्तर असं मिळालं. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

गेल्या आठवड्यात मंदा म्हणाली, "ताई, आमच्याही दाराला ते भिंग बसवून द्या. आता दोघीच असतो." त्यांच्या दाराला इतकी वर्षं भिंग नव्हतं. भाऊ म्हणायचे, समोर आहे की एक. मी माझाच सुतार बोलावला. भोक पाडून, भिंग बसवून, भुसा झाडून तो गेला. मंदा आत गेली, दार लावलं आणि म्हणाली, "ताई, बेल वाजवून बघा बरं, दिसतंय का." मी बेल दाबली. आणि दाराशी उभी न राहता मागे सरकले, कठड्यापर्यंत, दिव्याखाली. हात बाजूला मोकळे सोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंगाच्या या बाजूला अशी उभी होते, आणि ती जागा किती उघडी आहे, ते मला कळलं. काचेतला उजेडाचा ठिपका विझला. आत मंदा बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग आतून तिचा आवाज आला, "कोण?"

मी म्हटलं, "दोस्त."

आतून कडी निघाली.